उद्यानांतील दिवे आणि रात्रीचे जीव



जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक इ. स. १६८९ साली सुरतेस यावयास निघाला. त्याचे प्रवासवर्णन पुढे १६९६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सुरतेच्या वाण्यांनी चालविलेल्या जनावरांच्या इस्पितळाची हकीकत त्यात आहे. म्हाताऱ्या व लुळ्यापांगळ्या मुक्या जनावरांना तेथे मरेपर्यंत पोसले जाई. परंतु ओव्हिंग्टनला खरा अचंबा वाटला तो त्या इस्पितळाजवळच्या दुसऱ्या एका जागेचा. ती जागा ढेकूण, पिसवा आणि तत्सम रक्त पिणाऱ्या जीवांसाठी राखून ठेवलेली होती. आणि त्यांची उपासमार होऊ नये म्हणून एखाद्या गरीब माणसाला मोल देऊन अधूनमधून रात्रभर तेथील बाजेवर निजविण्यात येई, असे तो लिहितो. परदेशी प्रवासी अशा गोष्टी चवीने सांगतात, हे लक्षात घेऊनही एवढे मान्य करावे लागेल की, ज्या शहरात किड्यामुंगीच्याही पोटाची चिंता वाहिली जात होती, ते शहर साधे नव्हे.

ही चिंता केवळ पांजरपोळापुरती नव्हती. सूर्यास्तानंतर अन्न घ्यावयाचे नाही हा आपल्या जैन शेजाऱ्यांचा नियम आपण नित्य पाहतो. संध्याकाळी लगबगीने जेवण उरकणारी कुटुंबे सुरतेच्या कोणत्याही जुन्या महोल्ल्यात आढळतील. या नियमामागचे एक कारण मोठे मार्मिक आहे. अंधारात अन्नातील सूक्ष्म जीव दिसत नाहीत, हे तर खरेच. पण मग दिवा लावावा म्हटले तर त्या दिव्याच्याच ओढीने जीव येऊन अन्नात पडतात, असे जुन्या जैन आचार्यांनी सांगून ठेवले आहे. म्हणजे दिवा हा निरुपद्रवी नाही, आपल्या सोयीसाठी लावलेल्या ज्योतीची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हे निरीक्षण या भूमीत शेकडो वर्षांपूर्वी झालेले आहे. तेव्हा दिवा समईचा वा पणतीचा होता. आज तो आठ-दहा मीटर उंचीच्या खांबावर चढला आहे, आणि तेथून तो केवळ आपल्या ताटावर नव्हे, तर झाडाच्या शेंड्यावर, तळ्याच्या पाण्यावर आणि घरट्यात निजलेल्या पाखरावरही रात्रभर पडत असतो.

आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते या दिव्यांविषयी. त्यातही उद्यानांतील, तळ्याकाठच्या व खाडीकाठच्या दिव्यांविषयी.

दिवा आणि पतंग ही जोडी आपल्या संतांनी आणि उर्दू शायरांनी अजरामर करून ठेवली आहे. पतंग ज्योतीवर झेप घेतो ते प्रेमापोटी, अशी आपली समजूत. शास्त्रज्ञांना ही समजूत पुरेशी वाटली नाही. कोणी म्हणत, पतंग दिव्यालाच चंद्र समजून दिशा ठरवितो. कोणी म्हणत, तो उष्णतेने ओढला जातो. अलीकडे, म्हणजे २०२४ साली, लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील व अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचे उड्डाण टिपले, आणि उलगडा झाला तो असा. उडणारा कीटक आपली पाठ सतत सर्वांत उजळ बाजूकडे ठेवतो. लक्षावधी वर्षे ही उजळ बाजू म्हणजे आकाश होते; रात्रीच्या काळोखातही आकाश हे जमिनीहून उजळच असते. पाठ आकाशाकडे ठेवली की आपण सरळ उडत आहो याची खात्री. आता या बिचाऱ्याच्या वाटेत दिवा येतो. त्याच्या बाजूने जाताना कीटक पाठ दिव्याकडे वळवितो आणि गोल गोल फिरू लागतो. वरून जाताना पाठ खाली करतो, म्हणजे उताणा होतो आणि कोसळतो. खालून जाताना वर वर चढत जाऊन थबकतो. त्याला दिव्याकडे जावयाचे नसतेच. वर कोणते आणि खाली कोणते, एवढेच त्याला कळेनासे झालेले असते.

मला हा उलगडा कवींच्या कल्पनेपेक्षा अधिक करुण वाटतो. प्रेमासाठी मरणाऱ्याला निदान आपण का मरतो हे ठाऊक असते.

आता कोणी म्हणेल, चार किडे मेले तर काय बिघडले? उलट डास कमी होतील! हा प्रश्न माझ्या वर्गातील मुलांनीही विचारला होता. त्यांना मी विचारले, पारिजातकाची फुले रात्री का फुलतात? निशिगंध आणि रातराणी दिवसा मुक्या राहून अंधार पडल्यावरच का दरवळतात? ही फुले आपल्या नाकासाठी उमलत नाहीत. पांढरा रंग अंधारात दिसावा आणि सुगंधाने वाट सापडावी अशी ही पतंगांना दिलेली आमंत्रणे आहेत. मोहाच्या फुलांवर मोठी वटवाघळे येतात, आणि खाता खाता परागही वाहून नेतात. दिवसा मधमाशा आणि फुलपाखरे जे काम करतात, त्याचीच ही रात्रपाळी होय. कापडगिरण्या आणि लूम यांच्या सुरतेत रात्रपाळी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. माझ्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील मुले उठायच्या वेळी घरी परततात.

ही रात्रपाळी बंद पडली तर दिवसपाळीचे कामगार ती भरून काढतील काय? स्वित्झर्लंडमधील कुरणांत याचा प्रयोग झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या कुरणांत रस्त्यावरच्यासारखे दिवे लावले, तेथे फुलांना रात्री भेट देणाऱ्या कीटकांच्या फेऱ्या अंधाऱ्या कुरणांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्या. एका जातीच्या झुडपावर दिवसा भरपूर मधमाशा येत होत्या; तरीही त्याला धरणारी फळे १३ टक्क्यांनी कमी भरली. दिवसपाळीला रात्रीची तूट भरून काढता आली नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या कुंपणांवरील सुरवंट मोजण्यात आले. दिव्याखालच्या कुंपणांत ते अंधाऱ्या कुंपणांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी निघाले. हे मोजमाप २०२१ सालचे. सुरवंट कमी म्हणजे उद्याचे पतंग कमी. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिमण्या, शिंपी, दयाळ यांच्या पिलांच्या चोचीत घालावयाचा घास कमी. चिमण्या कोठे गेल्या असे आपण हळहळून विचारतो. त्याची कारणे अनेक आहेत; पण चिमणीचे पिलू दाण्यावर वाढत नाही, अळीवर वाढते, एवढे तरी विसरू नये.

दिव्यामुळे सर्वांचेच नुकसान होते असे मात्र नाही. खांबाखाली पाल लठ्ठ होते, बेडूक जिभेचा पट्टा चालवीत बसतो, आणि आपला ओळखीचा पिंगळा तारेवर बसून येणारा प्रत्येक किडा टिपतो. काही वेगवान वटवाघळेही दिव्याभोवती शिकार साधतात. ते पाहून वाटावे, दिव्याने अन्नछत्रच घातले! पण हे अन्न आले कोठून? बागेच्या अंधाऱ्या भागातून, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून. पानापानांतून हळू उडणारी लहान वटवाघळे प्रकाशात येण्यास धजत नाहीत. घुबड, ससाणा यांचे भय त्यांच्या हाडीमांसी खिळलेले असते. त्यांचे भक्ष्य दिव्याने ओढून नेले आणि ती उपाशी राहिली, असा हा व्यवहार आहे. डासांवर तुटून पडणाऱ्यांत या लहान वटवाघळांची गणना होते, हे जाता जाता सांगून ठेवते.

झाडांचेही तेच. दिवस केव्हा लहान झाला आणि ऋतू केव्हा पालटला हे झाड रात्रीच्या लांबीवरून ओळखते. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरील दिव्यांजवळच्या फांद्यांची पाने इतर फांद्यांपेक्षा उशिरा गळतात, असे १९३६ सालीच नोंदविले गेले होते. एकाच झाडाच्या एका अंगाला हेमंत आला आहे आणि दुसऱ्या अंगाला त्याची वार्ताच नाही! आपल्याकडे तर हल्ली सणासुदीला झाडाच्या बुंध्यापासून फांद्यांपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळण्याची रीत पडली आहे. सण संपतो, माळ मात्र वर्षभर राहते. या प्रकाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि २०२४ साली न्यायालयाने राज्य शासनास व मुंबई परिसरातील महापालिकांना नोटिसा काढल्या. माझ्या मते याला न्यायालयाची गरज पडू नये. निजलेल्याच्या अंगावर दिवे गुंडाळू नयेत, हे शहाणपण घरातलेच आहे.

सुरतेपुरते बोलावयाचे तर आपल्याकडे हिरव्या जागा अगदीच थोड्या नाहीत. डुमस रस्त्याकडचे गवियर तळे आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची बदके उतरतात. अलथाण-भीमराडकडे काकरा खाडीच्या काठी पालिकेने जैवविविधता उद्यान वसविले आहे. सरथाण्याचा निसर्गबाग आहे. डुमसच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की चिखलात चोची खुपसणारे पाणपक्षी उतरतात; त्यांचे वेळापत्रक सूर्यावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर चालते, म्हणून ते रात्रीही चरतात. कितीतरी जातींची बदकेही मुख्यतः रात्रीच चरतात. तेव्हा तळ्याकाठी दिवे लावले तर पक्षी तर दिवसा दिसतातच, बिघडले काय, असे म्हणून चालत नाही. पाहुणा दिवसा दिवाणखान्यात बसलेला दिसला, म्हणून त्याला रात्री जेवू घालावयाचे नाही काय?

आता हे सर्व आजच का सांगावयाचे? रस्त्यावर दिवे काही काल लागले नाहीत. बंगळूर शहरात विजेचे पथदिवे १९०५ साली लागले. त्याला एक शतक उलटून गेले. पण दिव्यांची जात अलीकडे पालटली, आणि ती फार झपाट्याने पालटली. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे असतील त्यांना सोडियमचे पिवळे दिवे आठवत असतील. त्यांच्या उजेडात लाल साडी तपकिरी दिसे, माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसे; आम्ही त्यांना नावे ठेवीत असू. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने पथदिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली, आणि त्यानंतर देशभर एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसविले गेले. विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद आहे. कोळसा कमी जळला, हाही लाभच. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल.

पण या पांढऱ्या प्रकाशाच्या पोटात काय आहे ते पाहा. एलईडी दिव्यातील चकती मुळात निळा प्रकाश देते. निळा प्रकाश देणारी ही चकती साधणाऱ्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, इतके ते काम अवघड होते. त्या निळ्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा लेप देतात. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्याला पांढरा भासतो. लेप जाड असला तर प्रकाश उबदार, पिवळसर होतो. पातळ असला तर थंड, निळसर पांढरा होतो. आणि कीटकांचा डोळा नेमका निळ्या व अतिनील प्रकाशालाच सर्वांत जागा असतो. तांबड्या रंगाकडे तो जवळजवळ आंधळा. म्हणजे जुना पिवळा दिवा त्यांना जेवढा भुलवीत होता, त्याहून हा निळसर दिवा अधिक भुलवितो. इंग्लंडमध्ये सुरवंट मोजले तेव्हाही पांढऱ्या दिव्यांखाली सोडियमच्या दिव्यांपेक्षा अधिक हानी आढळली. आपल्यासही हा निळा प्रकाश सोसत नाही. झोप आणणारे द्रव्य शरीरात रात्री तयार होते, त्याला तो आडवा येतो.

घरी गेल्यावर आपण एक करून पाहा. दिव्याच्या खोक्यावर केल्विन या मापाचा एक आकडा छापलेला असतो. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा. ३००० किंवा त्याहून कमी आकडा असला तर प्रकाश उबदार; ६५०० असला तर तो थंड व निळसर. आकडा वाढला की दिवा 'गरम' होतो असे कोणी समजू नये. येथे हिशेब उलटा आहे.

दिवे पालटण्याचे काम गावाला त्रास न होता करता येते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'अंधाऱ्या आकाशाचे उद्यान' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे उद्यान. आपण म्हणाल, जंगलात अंधार असतोच, त्यात विशेष ते काय? विशेष आहे ते जंगलाच्या कडेच्या गावांत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक सार्वजनिक दिवे बदलण्यात आले. ते काढून टाकले नाहीत. त्यांच्या जागी प्रकाश केवळ खाली टाकणारे दिवे बसविले. गावकऱ्यांच्या पायाखालची वाट पूर्वीइतकीच उजळ राहिली, पण उजेड रानात आणि आभाळात सांडेनासा झाला. ज्या गावांच्या वेशीवर वाघ आणि बिबळ्या फिरतो तेथील माणसांना अंधाराचे भय शहरातल्यांपेक्षा कमी नसते. त्यांना जे मानवले ते अठवा लाइन्सच्या किंवा उधन्याच्या रहिवाशांना मानवू नये, असे मला वाटत नाही.

हॉलंडमधील न्यूकूप या गावी वटवाघळांसाठी रस्त्यावर तांबडे दिवे लावले आहेत, डेन्मार्कमध्येही एका रस्त्यावर तसे केले आहे. आपल्याकडे एकदम तांबड्या दिव्यांची मागणी करावी असे मी म्हणणार नाही. लोक गैरसमज करून घेतील, आणि पिवळसर दिव्याने बरेचसे काम भागते.

एवढे सांगून झाले की माझ्यापुढे एक चेहरा उभा राहतो. आमच्या शाळेच्या पालकसभेत हा विषय निघाला होता. मुलांनी बागेतील खांबाखाली सकाळी सापडलेले मेलेले पतंग कागदावर चिकटवून भिंतीवर लावले होते. ते पाहून लिंबायतेकडच्या एक बाई उठल्या. साड्यांच्या पॅकिंगचे काम करतात, मूळच्या खानदेशातल्या. म्हणाल्या, "बाई, किड्यापाखरांची तुम्हांला दया येते, चांगलंच आहे. पण माझी पोर क्लासहून नऊ वाजता येते. खांबावरचा दिवा गेलेला असला तर ती घरी येईस्तोवर मी दारात उभी असते. आमच्या गल्लीतला दिवा काढायला सांगू नका." सभेत कोणी हसले नाही.

या बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्याने ते टाळून पुढे जाऊ नये. २०१५ साली इंग्लंड-वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवे मंद केल्याने अथवा काही तास मालवल्याने तेथे अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. पण तेथील रस्ते वेगळे, रहदारी वेगळी, पोलीस वेगळे. तो दाखला लिंबायतेच्या गल्लीत घेऊन जाणे मला प्रशस्त वाटत नाही. मुलगी जेथून चालते तेथे दिवा हवा, आणि तो चालू हवा. त्याविषयी वाद नाही.

वाद आहे तो त्या दिव्याचा उजेड कोठे पडतो, याविषयी. बागेत दुधी काचेच्या गोळ्यांचे दिवे आपण पाहतो. दिसावयास सुंदर, पण त्यांचा जवळजवळ निम्मा प्रकाश वर आभाळात जातो, आणि उरलेल्यातला पुष्कळसा चालणाऱ्याच्या डोळ्यांत. डोळ्याची बाहुली त्याने आकुंचन पावते, आणि गोळ्याच्या पलीकडे झाडाआड कोणी उभा असला तर तो दिसतच नाही. खांबावरील भगभगीत दिवा, त्याच्यापुढचा बंद, त्याच्यापुढचा पुन्हा भगभगीत, अशा रस्त्याने चाललेल्या मुलीला प्रत्येक खांबानंतर क्षणभर आंधळे व्हावे लागते. एकसारखा, खाली पडणारा, डोळ्यांत न जाणारा उजेड तिला अधिक उपयोगी. पौर्णिमेचे चांदणे सुमारे पाव लक्स असते. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड म्हणजे एक लक्स. आपल्याकडील मानकांत लहान रस्त्यांसाठी ४ ते ८ लक्स उजेड सांगितला आहे, म्हणजे चांदण्याच्या सोळा ते बत्तीसपट. तो जमिनीवर नीट पसरला तर पायाखालची वाट आणि समोरच्याचा चेहरा दिसण्यास पुरतो. यासाठी दिव्याची परीक्षा सोपी आहे. दूर उभे राहून पाहावे: उजळलेली जमीन दिसली पाहिजे, दिव्याचा गोळा डोळ्यांत खुपता कामा नये.

त्या बाईंना मी हेच सांगितले. त्यांनी विचारले, "मग असा दिवा पालिका लावते का?" प्रश्न मुद्द्याचा होता.

बागेची गोष्ट गल्लीहून निराळी आहे. आपल्या बहुतेक बागांची फाटके रात्री बंद होतात. फाटक बंद झाल्यावर आतली पायवाट कोणासाठी उजळावयाची? पहारेकऱ्याच्या चौकीजवळ आणि फाटकाशी दिवा असावा. झाडांच्या मुळाशी गाडलेले, शेंड्यापर्यंत उजेड फेकणारे दिवे मात्र फाटकाबरोबरच मालवले गेले पाहिजेत. किंबहुना ते नसले तरी चालेल. कोणी म्हणतात, बागेची शोभा जाईल. मला वाटते, शोभा कोणती हे ज्याने कधी अंधारी बाग पाहिली नाही त्याला कळणे कठीण आहे. माझ्या वर्गात मी एकदा विचारले, काजवा कोणी पाहिला आहे? हात वर झाले ते मे महिन्याच्या सुटीत आजोळी जाणाऱ्यांचे. सुरतेत पाहिला असे सांगणारा एकही निघाला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अकोले-भंडारदऱ्याकडे काजव्यांनी झाडेच्या झाडे लुकलुकतात, ती पाहावयास मुंबई-पुण्याचे लोक गाड्या करून जातात. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नराची हाक आणि मादीचे उत्तर. खांबावरच्या दिव्यात ती हाक बुडून जाते, उत्तर येत नाही, आणि दोनचार वर्षांत त्या जागेवरून काजवा नाहीसा होतो. चांदण्यांची गत याहून वेगळी नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ या काळातील नोंदींवरून असे दिसून आले की, रात्रीचे आकाश सरासरीने वर्षाला सुमारे साडेनऊ टक्क्यांनी उजळत आहे. ज्या जागेवरून मुलाच्या जन्माच्या वेळी अडीचशे तारे दिसत होते, तेथून ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच दिसतील.

आता पालिकेविषयी. एलईडी दिव्याचे आयुष्य साधारणपणे पन्नास हजार तास धरतात. रोज बारा तास जळणारा दिवा अकरा-साडेअकरा वर्षे टिकेल. २०१५ नंतर देशभर जे दिवे लागले त्यांची पहिली खेप आता निवृत्त होण्याच्या वयाला आली आहे. ते बदलण्याच्या निविदा निघतील, त्यांत वॅट, खांबाची उंची, हमीची वर्षे हे सर्व लिहिलेले असेल. उद्यानांसाठी आणि तळे-खाडीकाठासाठी प्रकाशाचा रंग ३००० केल्विनहून अधिक नसावा, दिव्याला वरून व बाजूने झाकण असावे, आणि फाटक बंद झाल्यावर दिवे मंद वा बंद करण्याची सोय असावी, ही वाक्ये त्याच कागदावर लिहून घेतली पाहिजेत. दिवे एकदा बसले की पुढची अकरा वर्षे ती संधी नाही. पिवळसर दिव्याला तेवढ्याच उजेडासाठी किंचित अधिक वीज लागते, हे मान्य. पण आभाळात आणि झाडांत जाणारा उजेड वाचला की ती भरून निघते. प्रत्येक झोनच्या कचेरीत दिवाबत्तीचे खाते असते. रहिवाशांनी, सोसायट्यांनी आणि शाळांनी तेथे अर्ज करावा. आमच्या मुलांनी केला आहे. मराठीत लिहिला, गुजरातीत भाषांतर केले, आणि खाली त्या बाईंची सहीही घेतली.

आरंभ कोठून करावा असे मला कोणी विचारले तर मी अलथाणच्या खाडीकाठाचे नाव घेईन. गल्लीतल्या मुलींचा रस्ता तेथून जात नाही, खाडीला भरतीचे पाणी येते, रात्री चरणारे पक्षी व वटवाघळे तेथे आहेत, आणि झाडे अजून वाढीला लागलेली आहेत. गवियर त्यानंतर, पण हिवाळ्यातील बदके उतरण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत.